६७२ बाइटांचा पट



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावरील बुद्धिबळावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा खरा विषय यंत्र नसून संक्षेप आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाला परका नाही. अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांची परंपरा आपल्यामागे आहे.

१९८१ साली इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स ८१ हा घरगुती संगणक विक्रीस आणला. जोडणी केलेल्या यंत्राची किंमत सत्तर पौंडांच्या आत होती. पडदा म्हणून घरचाच दूरचित्रवाणी संच आणि साठवणीसाठी साधी कॅसेट. मूळ यंत्राची कार्यस्मृती होती एक किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट. एका बाइटास एक रोमन अक्षर धरले, तर छापील पानभर मजकूरही त्यात मावायचा नाही. त्यातूनही यंत्राच्या स्वतःच्या नोंदी आणि पडद्यावरील चित्र आपापला वाटा घेत. अशा जागेत डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळ बसवले, तेही प्रतिस्पर्ध्यासह. १९८३ च्या आरंभी 'युअर कॉम्प्युटर' मासिकातून ते वाचकांपुढे आले. ते ६७२ बाइटांचे होते. त्याहून लहान, ४८७ बाइटांचे 'बूटचेस' २०१५ साली आले. मध्ये तीन दशके लोटली होती.

हे साधले कसे? मोहऱ्यांची चित्रे नव्हती. पटावर अक्षरेच उभी असत. संगणकाने चालींना गुण देऊन निवड करावी, ही कल्पना क्लॉड शॅनन यांनी १९५० मधील निबंधात मांडली होती. हॉर्न यांचे यंत्र तिचेच अगदी अल्प रूप चालवी. जाणत्या खेळाडूपुढे त्याचा निभाव लागणे कठीणच. पण ते नियमाने खेळे.

तथापि तीन गोष्टी गाळाव्या लागल्या: किल्लेकोट, म्हणजे राजा व हत्ती एकाच चालीत हलवणे, दोन घरे पुढे गेलेले प्यादे जाता जाता मारणे, आणि शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याची बढती. येथे मला जुना देशी खेळ आठवतो. त्यात प्याद्याला दोन घरांची उडी नव्हती, त्यामुळे ते जाता जाता मारण्याचा प्रसंगच येत नसे. किल्लेकोटाऐवजी राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्याची चाल मिळे. म्हणजे पहिल्या दोन नियमांवाचून बुद्धिबळ शतकानुशतके बुद्धिबळच होते.

तिसऱ्याचे तसे नाही. प्याद्याची बढती देशी खेळातही होती. 'प्याद्याचा फर्जी होणे' हा आपला वाक्प्रचार पटावरूनच भाषेत आला. डावाच्या अखेरीस एखादे प्यादे अधिक असणे मोलाचे ठरते, ते त्या बढतीच्या आशेमुळे. ती काढली की शेवटच्या घरी पोचलेले प्यादे नुसतेच थांबून राहते. हॉर्न यांच्या कौशल्याविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणेन, की पहिल्या दोन गोष्टी गाळणे ही काटकसर होती. तिसरी गाळणे ही हानी होती. जागेअभावी ती अटळ असेल, तरीही हानीच.

काटकसर आणि हानी यांतला हा भेद महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेने विशेष ओळखला पाहिजे. राज्यभाषा, इंग्रजी, गणित, शास्त्र यांना जागा दिल्यावर मराठीसाठी थोडेच तास उरतात. त्यासाठी कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. आपला एक किलोबाइट तेवढाच आहे. अलंकारांच्या याद्या गाळा, समासांच्या व्याख्यांचे पाठांतर गाळा. मराठी त्यावाचून उभी राहील. पण मुलाने स्वतःच्या मनातले स्वतःच्या मराठीत लिहिणे गाळू नका. आपल्या पटावर प्याद्याची बढती ती हीच. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे काम त्या घरापर्यंत मुले पोचवण्याचेच होते.