मेक्सिकोची जमीन आणि खानखोजे
(पाचगणी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



गदर चळवळीतील वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे स्पॅनिशभाषक मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक झाले. मका हे तेथील गरिबाचे अन्न. त्यावर संशोधन करून, मुक्त कृषिशाळा काढून त्यांनी ती विद्या शेतकऱ्याच्या दारी नेली. (आपल्याकडे त्यांचे नाव घेणारे थोडेच!)

परंतु विद्येला जमीन हवी. १९१७ च्या राज्यघटनेने भूमी राष्ट्राची ठरवली. कार्देनास यांनी १९३४ ते १९४० मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर वाटली. १९९२ च्या घटनादुरुस्तीने वाटप थांबले, सामायिक जमीन विकाऊ झाली. १९९४ नंतर स्वस्त अमेरिकन मक्याने बाजार व्यापला.

पाचगणी-भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांशेजारी बंगल्यांची कुंपणे येत आहेत. तेथील सातबारा कोणाच्या नावे फिरला, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव तपासावे.