पोटासमोरची वीतभर जागा

काल याच व्यासपीठावर संतसाहित्य झालं, उद्या म्युच्युअल फंड आहेत, आणि मध्ये संयोजकांनी मला टेबल टेनिसच्या एका फटक्यावर, बॅकहँड टॉपस्पिनवर, बोलायला उभं केलंय. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मघाशी चहा पिताना विचारलं, “एका फटक्यावर बोलण्यासारखं आहे तरी काय?” मी म्हटलं, “आजोबा, तो मला धड जमायलाच नऊ वर्षं लागली.”

आमच्या वेळी बॅकहँड म्हणजे ढाल. मारायचं फोरहँडनं, बॅकहँडनं नुसतं परतवायचं. पुश करा, ब्लॉक करा, संपलं. याला कारण होतं. फोरहँडला हात मागे न्यायला उजवीकडे मोकळं रान असतं. बॅकहँडला मध्ये स्वतःचं पोट येतं. हसू नका, सडपातळ माणसालाही येतं. मिळते ती पोटासमोरची वीतभर जागा. ती राखायची कशी आणि वापरायची कशी, एवढंच या फटक्याचं तंत्र आहे. (हे सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी आरशात बघावं.)

जागा राखतं ते कोपर. ते बरगड्यांना चिकटलं की जागा गेली, मग बॅट नुसती ढकलली जाते. कोपर अंगापासून सुटं, किंचित पुढे हवं, दाराच्या बिजागरीसारखं. दार फिरतं, बिजागरी फारशी हलत नाही. आमच्याकडे बारा वर्षांची एक मुलगी शिकायला येते. तिचा खांदा दर फटक्याला कानापर्यंत चढायचा. “खांदा खाली” असं मी महिनाभर ओरडलो, काही उपयोग झाला नाही. एक दिवस तिला म्हटलं, “कोपर टेबलाकडे दाखव आणि ते कुठं जातंय तेवढंच बघ.” खांदा आपोआप उतरला. ओरडण्यात गेलेला तो महिना आता मला कोण परत देणार?

माझं स्वतःचं दुखणं मनगटाचं होतं. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे फिरवणं, हे सगळं मनगटाचं काम, असं कुठून तरी डोक्यात बसलेलं. मी नुसतं मनगट झटकायचो. चेंडू जाळीत, आणि रात्री मी मनगट शेकत बसलेला. पुढे गावी जोंधळ्याच्या शेतात गोफण चालवणारा माणूस पाहिला तेव्हा उजेड पडला. तो दगड बोटांनी फेकत नाही. पाय रोवतो, कंबर फिरवतो, मग हात, आणि दोरी सुटते ती सगळ्यात शेवटी. इथंही तसंच. आधी गुडघे आणि पोट, मग कोपरातून पुढचा हात, आणि शेवटी मनगट. शेवटी आलं म्हणूनच ते वेगात येतं. त्यासाठी बॅट सैल धरावी लागते. मूठ आवळली की मनगट गोठलंच.

आता समोरून येणारा चेंडू. तो कटचा असेल, म्हणजे उलटा फिरत येत असेल, तर गुडघे वाकवून बॅट डाव्या मांडीपर्यंत खाली न्यायची, तिचं टोक आपल्याकडे वळवायचं आणि चेंडूला खालून वर, थोडं पुढे, घासत जायचं. ब्लॉक होऊन येत असेल तर इतकं खाली जायचं कारण नाही. बॅट टेबलाच्या उंचीवर, तोंड थोडं मिटलेलं, आणि दिशा वर कमी, पुढे जास्त. दोन्ही वेळी चेंडू अंगासमोरच गाठायचा. बाजूला गेलेल्या चेंडूसाठी हात लांबवू नका, पाय हलवा. पायांचा कंटाळा हाताच्या माथी मारायची आपल्याला फार सवय.

हा चेंडू बघा. मधोमध मार्करनं काळी रेघ ओढली आहे. (वक्ते चेंडू उडवून बॅटने घासतात.) फिरकी शुद्ध असली आणि रेघ फिरकीच्या दिशेत असली की हवेत एक स्थिर काळा पट्टा दिसतो. पुढे फिरणाऱ्या चेंडूला हवा खाली दाबते, म्हणून १५.२५ सेंटिमीटरच्या जाळीवरून जोरात मारलेला चेंडूही २.७४ मीटर लांबीच्या टेबलावर पडतो, आणि टप्प्यानंतर पुढे झेपावतो.

नुसतं बघू नका, ऐकासुद्धा. ‘टक्’ आवाज आला तर तुम्ही चेंडू मारलात. ‘खस्स’ आला तर घासलात. यावरून आपल्या मुंबईची गोष्ट सांगतो. १९५२ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. समोरच्यांना खुट्यांच्या रबराच्या टकटकीची सवय. याच्या बॅटचा आवाजच येईना. १९५९ साली रबर आणि स्पंज मिळून ४ मिलिमीटरची मर्यादा आली. आजचा टॉपस्पिन त्याच स्पंजावर उभा आहे.

पुढे बॅकहँडनं ढाल टाकली. चेक खेळाडू पेत्र कोर्बेल टेबलावरचा आखूड चेंडूही बॅकहँडनं फिरवून वळवायचा. केळ्यासारखं वळण, म्हणून केळ्यांच्या ब्रँडवरून त्या फटक्याला ‘चिकिता’ नाव पडलं. २०१२चा ऑलिंपिक विजेता झांग जिके तर सर्व्हिस परतवतानाच या चिकितानं हल्ला करायचा. पेनहोल्डवाल्यांचा, म्हणजे बॅट पेनासारखी धरणाऱ्यांचा, बॅकहँड लंगडा, असं आम्ही म्हणायचो. चीनच्या वांग हाओनं बॅटच्या मागच्या बाजूनं टॉपस्पिन मारत २००९चं जगज्जेतेपद नेलं.

मग आपल्या मनिका बत्राचं काय, असं कोणी विचारेल. विचारा. ती बॅकहँडला टॉपस्पिनचं नव्हे, लांब खुट्यांचं रबर लावते, आणि २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण तिचंच. तेव्हा हा फटका आला नाही तर आयुष्य वाया गेलं असं नाही. पण पोरांना मी आधी हाच शिकवतो. चेंडू २००० साली ३८चा ४० मिलिमीटर झाला, २०१४पासून प्लॅस्टिकचा आला, फिरकी कमी झाली. आता नुसतं बारीक घासून भागत नाही, पुढे जोरही लावावा लागतो. जुन्या चित्रफिती बघून शिकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

बाहेर व्हरांड्यात टेबल मांडलंय आणि टोपलीभर चेंडू आहेत. दहा-दहा जणांनी या. चेंडू टेबलावर टाकायचा, टप्पा पडला की घासायचा, बाकी काही नाही. आजोबा, तुम्ही पहिले. काठी माझ्याकडे द्या.