ओढ्यापलीकडचा माळ



ओढ्यापलीकडे आपला पडीक माळ आहे. परवा एकाने मला विचारले, "गुरुजी, हा माळ कोणाचा?" मी म्हटलं, सरकारचा. तो म्हणाला, "सरकारच्या काय कामाचा? मीच चार खुंट्या ठोकतो की!"

असे खुंट्या ठोकणारे पुष्कळ. म्हणून आज या माळाविषयीच बोलतो.

सरकारला नको असलेली जमीन गावाच्या कामी येऊ शकते. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा. त्याचे कलम ५१ असे सांगते, की गावातली मोकळी जागा, पड, गायरान, विहीर, ओढा, झाडे सरकार पंचायतीच्या स्वाधीन करू शकते. स्वाधीन, बरं का! अटी सरकार घालते. पुढे सार्वजनिक कामाला लागली तर जमीन परत घेते. पंचायतीने तिथे काही सुधारणा केली असेल, तर तिची भरपाई मिळते. पण सरपंचाने ती आपल्या मर्जीने विकायची, हे चालत नाही.

मी नोकरीत होतो त्या एका गावची गोष्ट सांगतो. शाळेला मैदान नव्हतं. शाळेमागे सरकारी पड होती. पंचायतीने ठराव केला, मी अर्ज लिहिला. कागद तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला. तेवढ्यात एकाने तिथे कडब्याची गंज रचली. आम्ही म्हटलं, राहू दे, कडबाच आहे. दुसऱ्या वर्षी गोठा झाला. मग कुंपण. पोरे रस्त्यावरच खो-खो खेळली. चूक माझीही होती. गंज रचली त्याच दिवशी तलाठ्याला कळवायला हवं होतं. शेजाऱ्याशी वाईटपणा नको, म्हणून गप्प बसलो.

२०११ साली पंजाबातल्या एका गावच्या तळ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तळ्याच्या जागेवर लोकांनी घरे बांधली होती. न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, गावाच्या जमिनीवरची अतिक्रमणे काढा. सरकारी हुकमाने भूमिहीन मजुराला दिलेली जागा, किंवा जिथे आधीच शाळा, दवाखाना आहे ती जागा, असे थोडे अपवाद ठेवले. पैसेवाल्याचे कुंपण त्यात बसत नाही.

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ब असतो. कोणाच्या भोगवट्यात नसलेल्या सरकारी जमिनी त्यात लिहितात. अतिक्रमणे १-ई मध्ये लिहितात. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा स्वतः जाऊन बघा. मी काल बघून आलो. आपला माळ १-ब मध्ये आहे. १-ई मध्ये त्याच्यापुढे अजून कोणाचं नाव नाही. येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. खुंट्यावाल्यालाही बोलावलं आहे.