पुडीतलं हार्मोन

आज जरा घरातली गोष्ट सांगतो.

माझी आजी मेहकर तालुक्यातली. दोन्ही हातांना संधिवात. सकाळी लुगड्याची गाठ मारायलाही माय लागायची. मग आठवडी बाजारातून कुणीतरी तिला पुड्या आणून दिल्या. जडीबुटीच्या म्हणे. तिसऱ्या दिवशी आजी भाकरी थापायला बसली! "हात उघडला रे बाप्पा माहा," म्हणाली. घर खूश.

पुढे १९४८ चा किस्सा वाचताना हीच भाकरी आठवली. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली, किंवा बाईला दिवस गेले, की सांधे मोकळे होतात, हे त्यांनी हेरलं होतं. म्हणजे औषध शरीरातच कुठेतरी आहे! त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतले पदार्थ वेगळे काढत होते. त्यातला एक मर्क कंपनीने बैलाच्या पित्तापासून बनवला. २१ सप्टेंबर १९४८ ला २९ वर्षांच्या, जेमतेम हलू शकणाऱ्या बाईला पहिलं इंजेक्शन दिलं. आठवडाभरात ती बाजारहाट करून आली. हे कॉर्टिझोन. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

पण औषध बंद केलं की दुखणं परत येतं, आणि फार दिवस दिलं की चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, हेही लवकरच दिसलं. दमा, ल्युपस, कितीतरी आजारांत स्टिरॉइड आजही जीव वाचवतं, पण मोजून-मापून.

आजीचा चेहरा वाटोळा झाला, तेव्हा आम्ही म्हटलं, अंग धरलं. आठ महिन्यांनी पुडीवाला यायचा बंद झाला. चारच दिवसांत आजी न्हाणीत कोसळली.

बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी चेहरा बघितला, हातावरचे काळे-निळे डाग बघितले आणि विचारलं, "पुड्या किती दिवस घेत होत्या?" मग समजावून सांगितलं: बाहेरून आयतं हार्मोन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अॅड्रिनलला हुकूम सोडणं थांबवते. अॅड्रिनल आळसावते. पुडी एकदम बंद झाली, की ती लगेच जागी होत नाही आणि रक्तदाब पार खाली जातो. म्हणून कुणी पुड्या घेत असेल, तर घाबरून आजच फेकू नका, आधी डॉक्टरला दाखवा. डोस हळूहळूच उतरवायचा असतो.

आजीला शिरेतून स्टिरॉइडच द्यावं लागलं. मी तिला सांगितलं, आजी, पुडीत होतं तेच आहे हे. ती बराच वेळ सलाइनकडे बघत राहिली.

"मंग त्यानं सांगाले काय झालं होतं?"