गणपतीला अजून चार महिने आहेत

रात्रभर एसटीचा प्रवास करून आलेल्या माझ्या आशाताई, नर्सभगिनी आणि बंधूंनो,

संततिनियमनावर बोलायला दापोली ही जागा योग्यच आहे. इथून जवळच्या मुरुड गावी 1882 साली रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं. या कामापायी रघुनाथरावांची प्राध्यापकाची नोकरी गेली. 1927 पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. 1934च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. बाबासाहेबांच्या लहानपणाचा काही काळही याच दापोलीत गेला. 1938 साली त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

मी याच तालुक्यात तीस वर्षं उपकेंद्रात नर्स होते. इथली कितीतरी घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. घरधनी गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, आठ-दहा दिवस राहून परत जायचा. गणपती होऊन महिना-सव्वा महिना झाला की पाळी चुकलेल्या बाया उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसायच्या. आम्ही दटावायचो, ‘माला-एनची पाकिटं नेली होतीस ना, मग?’ त्या म्हणायच्या, ‘बाई, घरात माणूसच नाही, तर रोज गोळी कशाला खाऊ?’ तो येणार कळलं की त्या गोळी सुरू करायच्या. पण अशी ऐनवेळी सुरू केलेली गोळी लगेच भरवशाची नसते, हे आम्ही कधी नीट समजावलंच नव्हतं. चूक त्यांची नव्हती. कोणाच्या संसाराला काय मानवेल हे न विचारता, कपाटात जे शिल्लक असेल ते आम्ही हातावर ठेवत होतो. आज आठवड्याला घ्यायची ‘छाया’ आहे, तीन महिन्यांतून एकदा टोचायचं ‘अंतरा’ आहे, दहा वर्षं टिकणारी तांबी आहे, निरोध तर आहेच. अवचित काही घडलं तर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, अशी घ्यायची गोळी आहे. मग जिला जे हवं ते तिनं निवडावं, एवढी उसंत आपण तिला द्यायला हवी.

एक बाई अजून डोळ्यांसमोर आहे. तिसरं मूल नको म्हणून तांबी बसवायला आली होती. पदराच्या टोकाला परतीच्या भाड्याचे पैसे बांधलेले. मी पहिलाच प्रश्न केला, ‘नवऱ्याला विचारलंस का?’ ती काही बोलली नाही. पदराची गाठ चाचपत उठली आणि निघून गेली. चार महिन्यांनी आली ती दिवस गेल्यावर, कुठलंसं झाडपाल्याचं औषध घेऊन, अंगावरून रक्त जात असताना. ती वाचली. तांबीला नवऱ्याची परवानगी लागत नाही. 1971च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईला गर्भपातासाठीही तिची स्वतःची संमती पुरते. 2021च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण लग्न न झालेल्या मुलीलाही सांगता येतं. तो प्रश्न कुठल्याच नियमात नव्हता, तो माझ्या तोंडचा होता. आज इथे बसलेल्या नव्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे, तो प्रश्न तुमच्या तोंडी येऊ देऊ नका.

आणि आता पुरुषांविषयी. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा मला आजही झोपू देत नाही. दर हजार जोडप्यांत 379 ठिकाणी ऑपरेशन बाईचं झालेलं, पुरुषाचं फक्त तीन ठिकाणी. वास्तविक बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा किती सोपी! पोटाला हात लावायचा नाही, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणी करून घ्यायची. आणीबाणीतल्या सक्तीनं पुरुषांच्या मनात धास्ती बसली हे मी नाकारत नाही. ती सक्ती हा अन्यायच होता. पण त्याला जवळपास अर्धं शतक लोटलं, आणि तेवढा काळ ऑपरेशनचा भार बायकांनी वाहिला. मूल नको असं रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी ठरवलं, तेव्हा शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली होती.

म्हणून या वेळी मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्यांनाही आम्ही मुद्दाम बोलावलं आहे. ते मागच्या रांगांत दाराजवळ बसले आहेत. भावांनो, पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. दुपारच्या सत्रात नसबंदी करून घेतलेले आपल्याच तालुक्यातले तिघे जण बोलणार आहेत. त्यांना काय हवं ते विचारा. गणपतीला अजून चार महिने आहेत, तीन पुरतात.