वारसा रोगाचा आणि भीतीचा

(कुरुंदवाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



कृष्णा-पंचगंगेच्या या परिसरात कर्करोग हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो. घरातील बाईला स्तनाचा कर्करोग झाला की दोन प्रश्न उभे राहतात. ती वाचेल काय? आणि तो तिच्या मुलीलाही होईल काय? पहिल्या प्रश्नासाठी डॉक्टर असतात. दुसरा ती रात्री एकटीच सोसते. आपणच लेकीच्या पदरात हे दुखणे टाकले, या अपराधी भावनेने तिची झोप उडते. लेकीचे लग्न मोडेल म्हणून आजार लपविला जातो, आणि लपविलेला आजार वाढतो.

शास्त्र काय सांगते? सर्व कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक दोषामुळे होतात. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांची ओळख १९९४ व १९९५ साली पटली. त्यांतील दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा केवळ सुनेच्या माहेराला बोल लावण्यास शास्त्राचा आधार नाही. दोष असणे म्हणजे रोग असणे नव्हे. परंतु धोका मोठा असल्याने नियमित तपासणी अगत्याची ठरते.

येथेच प्रश्न अर्थकारणाचा होतो. अमेरिकेत एका कंपनीने या जनुकांची पेटंटे घेऊन चाचणीची मक्तेदारी उभारली होती. निसर्गातील जनुक कोणाच्याही मालकीचे होऊ शकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी दिला. मक्तेदारीला तो तडाखा होता. तथापि यंत्रमाग कामगाराला वा शेतमजुराला चाचणीच्या दराबरोबरच मुंबईच्या फेऱ्या व बुडालेला रोज यांचाही भार सोसावा लागतो. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात मिळणारा आनुवंशिक सल्ला कुरुंदवाडच्या बाईला तिच्याच जिल्ह्यात का मिळू नये?

मात्र आनुवंशिकतेचे नाव पुढे करून तंबाखूचा व्यापार आणि पंचगंगेचे प्रदूषण यांवर कोणी पांघरूण घालू लागले, तर तेही खपवून घेता कामा नये.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : जिल्हा पातळीवर प्रशिक्षित समुपदेशक, गरजूंना मोफत चाचणी, अहवालाची गुप्तता, आणि जनुकाच्या सबबीवर विमा नाकारण्यास कायद्याने बंदी. भीती एकटीची राहिली की ती माणसाला पोखरते. तिला माहितीची आणि संघटनेची जोड मिळाली की तिचे रूपांतर हक्काच्या मागणीत होते. कार्यकर्त्याचे काम येथूनच सुरू होते.