सही करायला काय जातंय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जाचे फॉर्म भरणं चाललं होतं. मी म्हटलं, "थांबा, आधी वाचून दाखवते." तर एक मावशी म्हणाल्या, "अगं, सही करायला काय जातंय? वाचत बसलो तर म्हशीची धार राहील." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना मला एक गोष्ट आठवली. ती फार लांबची आहे, अमेरिकेतली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, तरी ही गोष्ट आमच्या पुस्तकात नव्हती. नंतर वाचनात आली. आज तीच सांगते.

अमेरिकेच्या उत्तरेला सुपीरियर नावाचं समुद्रासारखं मोठं सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठाला ओजिब्वे नावाचे मूळ रहिवासी राहतात. सरकारी कागदात त्यांना चिप्पेवा म्हणतात. तिथं बॅड रिव्हर नावाची नदी सरोवराला मिळते. इंग्रजीत बॅड म्हणजे वाईट, पण ओजिब्वेंना पोसणारी नदी हीच. तिच्या काठी त्यांचं ओडाना हे गाव. त्या जागेला ते गिटिगानिंग म्हणत, म्हणजे मळ्याची जागा.

नदीच्या मुखाशी दलदलीत एक धान्य आपोआप उगवतं. इंग्रजीत त्याला जंगली भात म्हणतात, ओजिब्वे म्हणतात मनोमिन. ऋषिपंचमीला आपण बैलाच्या कष्टाचं खात नाही ना, तसं हे नांगर न लावलेलं धान्य. पूर्वी त्याची कापणी बायकांच्या हातात होती. धान्य पिकण्याआधी बायका ताटं एकत्र बांधून आपापला वाटा ठरवून ठेवत. मग होडीत बसून दोन काठ्यांनी दाणे होडीतच झोडायचे, घरी आणून वाळवायचे, भाजायचे, पायानं मळायचे आणि झाडाच्या सालीच्या सुपानं पाखडायचे. हिवाळाभर घर त्यावर चालायचं.

आता कागदाकडे येऊ. १८३७ आणि १८४२ साली सरकारनं ओजिब्वेंशी दोन करार केले. सरकारला त्यांच्या जंगलातलं लाकूड आणि जमिनीतलं तांबं हवं होतं. बदल्यात दरवर्षी पैसे आणि माल मिळणार होता. शिकार, मासेमारी करता येईल, राहता येईल, असं सांगितलं गेलं. आपल्याला कुणी उठवणार नाही, असंच त्यांच्या पुढाऱ्यांना वाटलं. पण बोलणं दुभाष्यामार्फत झालं होतं आणि कागद इंग्रजीत होता. पहिल्या करारात लिहिलं होतं, राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत. दुसऱ्यात होतं, राष्ट्राध्यक्ष जायला सांगेपर्यंत. सगळा करार त्या दोन-चार शब्दांवर टांगलेला होता.

१८५० च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष टेलर यांनी हुकूम काढला, की आता निघा, मिसिसिपीच्या बाजूला चला. मिनेसोटातल्या अधिकाऱ्यांना ओजिब्वे आणि त्यांचे पैसे आपल्या मुलुखात हवे होते. लोक काही हलेनात. मग अधिकाऱ्यांनी पैसे वाटण्याची जागाच बदलली. दरवर्षी वाटप ला पॉइंट बेटावर, म्हणजे घराजवळ व्हायचं. त्या वर्षी सांगितलं, पैसे सँडी लेकला मिळतील, ऑक्टोबरच्या शेवटी या. कित्येकांना ती वाट शेकडो मैलांची होती. थंडी पडली, पाणी गोठलं, की लोकांना परत जाता येऊ नये, असा त्यात डाव होता.

हजारो लोक गेले. पैसे देणारा अधिकारी जागेवर नव्हता. दिवसामागून दिवस गेले. जे अन्न मिळालं ते नासलेलं होतं. गोवर आला, हगवण लागली. डिसेंबर उजाडला तेव्हा थोडा माल हातात पडला, रोख काहीच नाही. होड्या टाकून लोक बर्फातून पायी घरी निघाले. तिथं आणि वाटेवर मिळून सुमारे ४०० माणसं गेली.

पण अधिकाऱ्यांना वाटलं होतं तसं झालं नाही. उरलेले लोक तिकडं राहिले नाहीत. आपल्या नदीवर, आपल्या मळ्यात परत आले, आणि पुन्हा बोलावलं तरी हलायला तयार होईनात.

१८५२ च्या वसंतात ला पॉइंटचे नव्वदीच्या घरातले पुढारी केचेवेश्के, इंग्रजीत चीफ बफेलो, सालीच्या होडीतून राजधानीला निघाले. सोबत अर्ज होता. वाटेत थांबून त्यांनी गोऱ्या दुकानदारांच्या आणि शेजाऱ्यांच्या सह्या त्यावर घेतल्या. वॉशिंग्टनला आधी अधिकाऱ्यांनी त्यांना परत जायला सांगितलं. ते थांबले. शेवटी नवे राष्ट्राध्यक्ष फिलमोर भेटले आणि त्यांनी हुकूम मागे घेतला.

१८५४ च्या सप्टेंबरमध्ये ला पॉइंटला नवा करार झाला. या वेळी बफेलो यांनी अट घातली, की दुभाष्या आमच्या विश्वासाचा असेल. तो सरकारी माणूस नव्हता, त्यांच्यातच राहणारा आर्मस्ट्राँग होता. त्या करारानं बॅड रिव्हरसह अनेक गावांची जमीन त्यांच्याच भागात कायम राखली गेली. सगळ्यांना मात्र न्याय मिळाला नाही. सेंट क्रॉय आणि मोल लेकचे लोक यादीतून सुटले आणि १९३० च्या दशकापर्यंत त्यांना हक्काची जमीन मिळाली नाही. यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शिकार-मासेमारीचा हक्क पुढं न्यायालयात गेला. १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, १८५० च्या त्या हुकमानं ओजिब्वेंचे हक्क गेले नाहीत. दीडशे वर्षांनी! ओडानाच्या दलदलीत आजही मनोमिन झोडतात. सँडी लेकला स्मारक आहे, आणि दर जुलैला लोक होड्या वल्हवत तिथं जाऊन गेलेल्यांची आठवण काढतात.

मावशी, सही करायला काय जातं, ते हे असं जातं. पण ही गोष्ट मी कागदाची भीती घालायला सांगितली नाही. ओजिब्वेंना एका कागदानं अडकवलं आणि दुसऱ्यानं राखलं. फरक इतकाच, की पहिला दुसऱ्यानं वाचला होता आणि दुसऱ्या वेळी वाचणारा माणूस त्यांचा होता. आणि कागदाला जोर आला, कारण माणसं जागा सोडून गेली नव्हती.

तेव्हा पुढच्या बैठकीत फॉर्म आला, की गटातली एक जण तो मोठ्यानं वाचेल. "पर्यंत", "मर्जीनुसार", "आवश्यकता वाटल्यास" असे शब्द आले, की तिथं थांबायचं आणि विचारायचं. पैसे मिळण्याची जागा किंवा तारीख अचानक बदलली, तर एकटीनं धावायचं नाही, आधी गटात बोलायचं. म्हशीची धार थोडी उशिरा निघेल, निघू दे.